मेजरसाठी राखलेला चिरूट

३ जून २०२४, सकाळी

शर्मिष्ठा म्हणते, बाबा, रोज थोडं लिहीत जा, मन मोकळं होईल. जयवंतीला जाऊन वर्ष उलटलं तरी मुलीला वाटतं, माझं मन कुठेतरी अडकलेलं आहे. मला मन मोकळं करायची सवय नाही. चेन्नईजवळ आवडीला, रणगाड्यांच्या कारखान्यात, जन्मभर शिफ्ट रिपोर्ट लिहिले, ती सवय आहे. तेव्हा कामापुरतं लिहीन.

काम एकच. अमोघ सप्टेंबरमध्ये मेजर होणार. सहा वर्षं पुरी झाली की होतातच. तयारी आतापासून हवी.

चिरुटांचा डबा काढून पाहिला. परंगीमलैच्या अकादमीत अमोघची पासिंग आउट परेड झाली, जयवंतीने त्याच्या डाव्या खांद्यावर स्टार लावला, मी उजव्यावर. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे वेंकोबाराव हा डबा घेऊन आले. खास त्रिचीचे चिरूट. पोरगा एकेक पायरी चढेल तसा एकेक पेटवा म्हणाले. वेंकोबाराव तंजावरच्या मराठी घराण्यातले, कारखान्यात माझ्याच सेक्शनला होते. त्यांची मराठी आपल्या पणजोबांसारखी, मध्येच तमिळ.

नियम मी ठरवला. पेटवायचा, घरातल्या प्रत्येकाने एक झुरका घ्यायचा, विझवायचा. एरवी या घरात कोणी ओढत नाही. लेफ्टनंटचा झाला, कॅप्टनचा झाला. उरलेले ब्रिगेडियरपर्यंत पुरतात. पुढचं पुढे पाहू.

डबा जयवंतीच्या कपाटात, साड्यांच्या मध्ये असतो. तिथे थंड राहतो. तळाशी थोडी तपकिरी भुकटी दिसली. तंबाखू मुरत असणार. फुंकून टाकली.

११ जून, दुपारी

आज एका भामट्याला चांगला धडा शिकवला.

फोन आला. नंबर जम्मूकडचा, अमोघ आहे तिकडचा. हिंदीत विचारलं, आपण वसंत खटावकर का, कॅप्टन अमोघ आपले चिरंजीव का. आवाज अगदी अदबीचा. मग म्हणतो, सर, आधी जरा खाली बसा. मी लगेच ओळखलं. सोसायटीच्या ग्रुपवर परवाच आलं होतं: मुलाचा अपघात झाला सांगतात, आधी बसायला लावतात, मग पैसे मागतात. मी म्हटलं, मी उभाच बरा आहे, तुम्ही तुरुंगात बसायची तयारी करा. तो म्हणाला, सर, प्लीज, मी युनिटमधून बोलतोय. मी म्हटलं, हो का, आणि मी राष्ट्रपती भवनातून. कट केला. पुन्हा आला, ब्लॉक केला. दुसऱ्या नंबरवरून आला, तोही ब्लॉक.

सायबर हेल्पलाइनला दोन्ही नंबर कळवले. बाईंनी तक्रार नोंदवून घेतली.

वेंकोबारावांना जिन्यात सांगितलं. ते म्हणाले, पण सार, नाव कसं ठाऊक त्याला? मी म्हटलं, आजकाल त्यांना सगळं ठाऊक असतं.

१२ जून

शर्मिष्ठा आली. कामाचा वार, भर दुपार, ऑफिस सोडून शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, पेरुंगुडीहून, इथे अण्णा नगरला. डोळे सुजलेले. ही मुलं रात्ररात्र स्क्रीनसमोर बसतात.

तिला कालची गंमत सांगितली. राष्ट्रपती भवनाचं सांगितलं. हसेल वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, बाबा, तुम्ही ब्लॉक केलंत? मी म्हटलं, दोन्ही. ती उठून बाल्कनीत गेली आणि बराच वेळ फोनवर हिंदीत बोलत होती. सॉरी, सॉरी, असं दोनतीनदा ऐकू आलं. ऑफिसात काही घोळ केला असणार. विचारलं नाही. मोठी आहे.

जाताना मला म्हणाली, अमोघचा फोन येईल, तो येईल तेव्हा उचला. उचलतोच की.

१५ जून

अमोघचा फोन आला. आवाज खोल. झोपेत असल्यासारखा. म्हणाला, बाबा, जरा लागलंय, दवाखान्यात आहे. मी म्हटलं, सैन्यात लागायचंच. म्हणाला, पायाला. मी म्हटलं, बर्फाने शेकव. तो म्हणाला, बाबा, तुम्ही जेवलात का.

जेवलो होतो. तसं सांगितलं.

पायाला लागणं विशेष नाही. शाळेत असताना त्याचा घोटा दोनदा मुरगळला होता. जयवंती हळद लावायची.

२ जुलै

अमोघला पुण्याला हलवलं. चांगली बातमी आहे. पुणं म्हणजे कोर्स. प्रमोशनच्या आधी कोर्सला पाठवतात, हे मी कारखान्यात पाहिलं आहे. वेंकोबारावांना तसं सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा माणूस अलीकडे फार हात ठेवतो.

मेजरच्या खांद्यावर सिंह असतात. तारे लावतात तसेच सिंह लावतात. आता डाव्या खांद्यावरचा कोणी लावायचा, हा एक प्रश्न. शर्मिष्ठा लावेल. नाहीतर दोन्ही मीच.

२१ जुलै, सकाळी

शर्मिष्ठा काल मुद्दाम आली. माझ्यासमोर बसली, टीव्ही बंद केला आणि एका वाक्यात म्हणाली, बाबा, सुरुंग होता, अमोघचा उजवा पाय गेला, घोट्याच्या वरून. मग म्हणाली, त्याला स्वतः सांगायचं होतं, पण तुम्ही सांगू देत नाही.

मी विचारलं, चहा घेतेस का.

ती स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आली नाही. कांदा चिरत असावी.

माझं म्हणणं असं आहे. 'पाय गेला' हे लोक काहीही झालं तरी म्हणतात. आमच्या सेक्शनला सुब्बा होता, क्रेनवाला. त्याच्या पायावर रणगाड्याचं चाक पडलं तेव्हाही अख्खं कँटीन म्हणत होतं, पाय गेला, पाय गेला. सुब्बा दिवाळीच्या आत ड्युटीवर हजर. आणि पूर्वीपेक्षा आता औषधं कितीतरी सुधारली आहेत. शर्मिष्ठा लहानपणापासून वाईटच आधी धरते.

संध्याकाळी

वेंकोबारावांना सुब्बाची आठवण करून दिली. म्हणाले, आठवतोय की, सार. पण तो परत आला ते स्टोअरच्या स्टुलावर. क्रेनवर कुठे चढला मग?

मी म्हटलं, आला ना? हजेरी लागली ना?

ते म्हणाले, लागली.

मग विषय संपला.

४ ऑगस्ट

घरात माझ्या म्हातारपणाची तयारी चालू आहे. मला न विचारता.

शर्मिष्ठाने माणूस आणून बाथरूमच्या भिंतीला स्टीलचा दांडा बसवला. कमोडच्या बाजूला आणखी एक. मी म्हटलं, माझे गुडघे ठणठणीत आहेत, पार्कला रोज फेऱ्या मारतो. ती माणसाला तमिळमध्ये सांगत होती, अजून खाली, अजून खाली, बसलेल्या माणसाच्या हाताला आला पाहिजे. मी काय बाथरूममध्ये बसून राहणार आहे?

शिवाय न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची. तिच्या पायांना रबर.

ठरवलं आहे, मी त्या दांड्याला हात लावणार नाही. टॉवेल टाकायला मात्र बरा पडतो.

१८ ऑगस्ट

असोसिएशनची मीटिंग. विषय: लिफ्टपाशी ज्या चार पायऱ्या आहेत त्यांच्या बाजूने सिमेंटचा रॅम्प. विषय वेंकोबारावांनी आणला, ते सेक्रेटरी आहेत.

मी उभा राहून हरकत घेतली. रॅम्प झाला की स्कूटरची जागा जाणार, पावसाचं पाणी साचणार, शिवाय या इमारतीत व्हीलचेअर कोणाची आहे? कोणाचीच नाही. मग खर्च कशाला?

एरवी आमच्या मीटिंगला पाण्याच्या टँकरवरून भांडणं होतात. आज सगळे खाली बघत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या रंजनी मामींनी पदराने डोळे पुसले. त्यांना अलीकडे मोतीबिंदू झाला आहे.

ठराव पास झाला. विरोधी मत एक. मी हरकत लेखी दिली, सहीनिशी. वेंकोबारावांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, हे माझ्यापाशी राहू द्या सार, मिनिट्समध्ये घालत नाही.

हे नियमाला धरून नाही. पण मैत्री म्हणून सोडून दिलं.

२४ ऑगस्ट

अमोघचा व्हिडिओ कॉल. दाढी वाढवली आहे. सैन्यात दाढी चालत नाही, मग कसं? विचारलं, तर म्हणाला, इथे कोणी काही बोलत नाही बाबा. हसला. दात तेवढे तसेच आहेत.

मी चिरुटांचं सांगितलं. म्हटलं, मेजरचा काढून वेगळा ठेवला आहे, सगळ्यात जाड. तो म्हणाला, बाबा, मी तुम्हाला एक दाखवू? तुम्ही फक्त बघा, काही बोलू नका. फोन खाली न्यायला लागला. चादर दिसली.

मी कट केलं. त्याचा डेटा उगाच जात होता.

मग मेसेज आला: "ठीक आहे बाबा. नंतर."

नंतर म्हणजे नंतरच बरं. त्यालाही विश्रांती हवी.

३० ऑगस्ट

मी पुण्याला जायचं ठरवलं होतं. अमोघनेच म्हटलं, तुम्ही या ना, दोन दिवस माझ्यापाशी बसा. शर्मिष्ठाने तिकीट काढलं. बॅग भरली: त्याच्या आवडीचे मुरुक्कू, लिंबाचं लोणचं, जयवंतीचा छोटा फोटो. सेंट्रल स्टेशनला वेळेवर पोचलो. डबा सापडला, सीट खिडकीजवळची, समोर एक सभ्य कुटुंब.

गॅस बंद केला की नाही, काही केल्या आठवेना.

उतरलो. मेट्रोने परत आलो. बंद होता.

शर्मिष्ठाला तसं कळवलं. घराने पेट घेतला असता तर? ती म्हणाली, बाबा, तुम्ही महिनाभर गॅस पेटवलाच नाहीये, जेवणाचा डबा येतो तुम्हाला. हेही खरं. पण खात्री केलेली बरी.

ती स्वतः गेली पुण्याला. मुरुक्कू तिच्याबरोबर दिले.

८ सप्टेंबर

परेडची तारीख. म्हणजे आज मेजर. गणपतीही बसलेत. सकाळी आंघोळ करून फोनपाशी बसलो. इस्त्रीचा शर्ट घातला, व्हिडिओ असला तर म्हणून.

संध्याकाळी शर्मिष्ठाचा फोन पुण्याहून. म्हणाली, तो आज दोन दांड्यांच्या मध्ये उभा राहिला. पाच पावलं टाकली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, आणि मेजरचं? ती म्हणाली, बाबा, त्याचं आता मेडिकल बोर्ड होईल, मग कळेल. मी म्हटलं, म्हणजे कागद यायचा आहे. सरकारी कागदाला वेळ लागतो.

म्हणून आज चिरूट पेटवला नाही. पाच पावलं हा काही टप्पा नव्हे. नियम म्हणजे नियम.

जयवंतीच्या वेळीही शर्मिष्ठाच रिपोर्ट वाचायची, डॉक्टरांना भेटायची. मी खोकल्याचं औषध आणायचो, मधातलं. त्याने फरक पडत होता.

२९ सप्टेंबर

डबा काढला. भुकटी आता चिमूटभर नाही, बोटाला लागते. निळ्या इरकली साडीच्या घडीतही सांडली आहे. वेंकोबारावांना दाखवला. त्यांनी डबा उघडूसुद्धा दिला नाही, कानाशी धरला. म्हणाले, सुरुट्टूत, म्हणजे चिरुटात, किडा आहे, सार. आतून खातोय. आजच सगळे उघडून बघा. चांगले असतील तेवढे फ्रीजरमध्ये टाका, वाचतील.

मी म्हटलं, उघडले की ओल जाते. ऑक्टोबरला उघडायचेच आहेत.

ते म्हणाले, तुम्हाला बघायचं नाहीये.

मी म्हटलं, काय बघायचं नाहीये?

ते म्हणाले, सुरुट्टु. आणि निघून गेले. चहा अर्धा ठेवून.

किडा वगैरे काही नाही. तंबाखू जुनी झाली की भुकटी होते. साडी झटकून पुन्हा घडी केली. मला तिच्यासारखी घडी जमत नाही.

१७ ऑक्टोबर

पाऊस. अण्णा नगरला रस्त्यावर पाणी. रॅम्पवर मात्र साचलं नाही. कारण पाऊस पुरेसा नव्हता.

अमोघ येणार म्हणतो. दिवाळीला नाही, त्यानंतर. रजेवर. मी यादी केली: हार, पेढे, चिरूट, काडेपेटी, वेंकोबारावांना बोलावणे. सिंहही आणून ठेवले आहेत, जॉर्ज टाउनमध्ये वर्दीवाल्यांच्या दुकानातून. दुकानदाराने विचारलं, मेजरसाब कधी झाले? मी म्हटलं, झाल्यातच जमा.

अमोघ फोनवर म्हणाला, बाबा, मी येतो तेव्हा स्टेशनवर येऊ नका. घरीच भेटू. आणि एक विचारू? तुम्हाला सगळं माहीत आहे ना? शर्मीने सांगितलंय ना नीट?

मी म्हटलं, हो हो, सांगितलं आहे.

तो म्हणाला, मग झालं. मला फक्त दारात उभं राहून काही समजावायला लागू नये. तेवढंच हवंय मला.

मी म्हटलं, तू ये रे, कोण काय विचारणार आहे?

८ नोव्हेंबर

उद्या येतोय. हार फ्रीजमध्ये. पेढे टेबलावर. दिवाणखाना झाडला. जयवंतीच्या फोटोला नवा हार.

चालण्यात थोडा फरक असेल. तेवढं मी धरून चाललो आहे. मी सगळ्या गोष्टींना तयार आहे. काही बोलायचं नाही, हसून स्वागत करायचं, नेहमीसारखं.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी

नेहमीसारखंच केलं.

दुपारी बेल वाजली. दार उघडलं. अमोघ उभा होता, हातात काठी, मागे शर्मिष्ठा, तिच्या मागे त्याची बॅग घेऊन वेंकोबाराव. बारीक झाला आहे. पण उभा ताठ. मला सॅल्यूट केला आणि एक पाऊल आत टाकलं.

आणि मी म्हटलं, बूट बाहेर.

कसं तोंडातून गेलं कळत नाही. जयवंतीचा नियम. ती असताना रोज दहादा म्हणायची, या घरात कलेक्टर आला तरी बूट बाहेर. शर्मिष्ठा म्हणाली, बाबा! वेंकोबाराव अय्यो म्हणाले.

अमोघ मागे सरकला. दाराशी स्टूल आहे, त्यावर बसला. वाकून डाव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला, मोजा काढला, बुटात कोंबला, लहानपणी कोंबायचा तसा. मग मान वर करून मला विचारलं, दोन्ही?

चिडून नव्हे. खरंच विचारत होता. नियम मी सांगितला होता.

मी खाली बसलो. उजव्या बुटाची नाडी मी सोडली. तो म्हणाला, बाबा, राहू द्या, वेळ लागतो त्याला. मी म्हटलं, लागू दे. ओढला तर येईना. त्याने सांगितलं, टाच वर करा, आता फिरवा. निघाला. मोजा होता. मोज्याच्या आत पाय नव्हता. पायाच्या आकाराचं काहीतरी होतं, हलकं, गुळगुळीत. मी ते हातात धरून बसलो. अमोघ म्हणाला, बाबा, मला कळत नाही हं, तुम्ही धरलंय ते. दिसतंय म्हणून कळतंय.

हार फ्रीजमध्येच राहिला.

चहा झाल्यावर त्यानेच विचारलं, चिरूट कुठे आहेत? मी म्हटलं, कागद यायचाय. तो म्हणाला, कागद येईल नाहीतर न येईल. मी रॅम्पने वर आलो, त्याचा पेटवा.

डबा आणला. उघडला. एकूण एक चिरूट भोकाभोकांचे. सगळ्यात जाड, वेगळा काढून ठेवलेला, तो हातात घेतला तर दबला. वेंकोबाराव काही म्हणाले नाहीत. ते म्हणू शकत होते.

त्यातल्या त्यात बरा होता तो अमोघने उचलला. काडी ओढली. झुरका येईना, हवा सगळी भोकांतून जात होती. मग त्याने बासरीवर ठेवतात तशी बोटं ठेवली. तरी दोन भोकं उरली. मला म्हणाला, बाबा, तुम्ही धरा. मी धरली. शर्मिष्ठाने काडी पेटवली.

एक झुरका आला. त्याला. मग विझला.

जयवंतीला सांगायला हवं होतं, म्हणून फोटोपाशी गेलो. साडी झटकून उन्हात टाकली आहे, तेवढं सांगितलं.

उद्या वेंकोबारावांकडून माझी लेखी हरकत परत घ्यायची. रॅम्प ठीक आहे. उतार जरा जास्त झाला आहे, आणि कठडा डाव्या हाताला आहे. चढताना उजव्या हाताला हवा. मी माप घेऊन ठेवतो.